‘आम्हाला कळलंच नव्हतं’ म्हणायची सोय कंपनीला ठेवू नका

कुणीतरी तुमच्या नावानं खोटं खातं उघडतं. तुमचा चेहरा दुसऱ्याच्या उघड्या अंगावर चिकटवतं. किंवा तुमच्या मुलीच्या मागे लागलेला एखादा तिचे फोटो रोज टाकत राहतो. अशा वेळी घरातले सगळे आपापल्या फोनवरून ‘रिपोर्ट’ दाबत सुटतात. दोन-चार दिवसांनी कंपनीचं ठरलेलं उत्तर येतं : आम्ही तपासलं, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. इथं बहुतेक जण खचतात आणि हा विषय सोडून देतात.

मी वकील आहे आणि अशी माणसं माझ्याकडे सतत येतात. त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते की तुमची तक्रार अजून झालेलीच नाही. ते बटण दाबल्यावर तपासणी होते ती कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीनुसार. देशाचा कायदा काय म्हणतो, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नसतो. कायद्याखालची तक्रार वेगळी असते. ती वेगळ्या माणसाकडे जाते आणि तिला मुदत असते. ती कशी करायची, ते इथं सांगते.

आधी कायदा थोडक्यात समजून घ्या, कारण तक्रारीतलं प्रत्येक वाक्य त्यावर उभं राहतं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ७९ प्रमाणे, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी कंपनी जबाबदार धरली जात नाही. कायद्याच्या भाषेत ती ‘मध्यस्थ’ असते. पण हे संरक्षण फुकट मिळत नाही. कंपनीनं पुरेशी काळजी घेतली पाहिजे, आणि बेकायदा मजकुराची ‘प्रत्यक्ष माहिती’ मिळाल्यावर तो हटवला पाहिजे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या ‘प्रत्यक्ष माहिती’चा अर्थ ठरवून दिला : न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. अभिव्यक्तीच्या दृष्टीनं तो निकाल मोलाचा होता आणि मला तो आजही पटतो. उद्या कुणीही उठून ‘हे मला आवडलं नाही, काढा’ म्हणेल आणि कंपनी घाबरून काढेल, तर टीका करणारा एकही आवाज उरणार नाही. पण त्याच निकालाच्या आडोशाला कंपन्या बसल्या. पीडित बाई पत्रांवर पत्रं पाठवायची आणि कंपनी म्हणायची, कोर्टाची ऑर्डर आणा.

ही कोंडी काही प्रमाणात फुटली ती २५ फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ मार्गदर्शक सूचना) नियमांनी. तुमच्या कामाचा आहे नियम ३(२)(बी). तुमचे खाजगी अवयव दिसतात, पूर्ण किंवा अर्धी नग्नता आहे, लैंगिक कृती दाखवली आहे, किंवा तुमच्या नावानं तोतयेगिरी चालली आहे, तर तुमच्या साध्या तक्रारीवर कंपनीला हालचाल करावी लागते. त्यासाठी कोर्टाचा आदेश लागत नाही. मॉर्फ केलेले फोटोही यात स्पष्ट शब्दांत आहेत, म्हणजे ‘तो फोटो खरा नाहीये’ ही पळवाट उरत नाही. तक्रार तुम्हीच केली पाहिजे असंही नाही. तुमच्या वतीनं भाऊ, मैत्रीण, वकील कुणीही करू शकतं. मूळ मुदत २४ तासांची होती. फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनं ती २ तासांवर आणली. इतर तक्रारींची १५ दिवसांची मुदत त्याच दुरुस्तीत ७ दिवसांवर आली. या मुदती बदलत आल्या आहेत, म्हणून तक्रारीत तासांचा आकडा टाकण्याआधी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची नियमांची ताजी प्रत बघा.

नुसती बदनामी मात्र या रांगेत बसत नाही. ‘अमुक माणूस पैसे खातो’ असं कुणी तुमच्याबद्दल लिहिलं असेल, तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर बदनामी हा शब्द मनाई असलेल्या मजकुराच्या यादीत राहिलेला नाही. तिथं कोर्टातूनच जावं लागतं. असा अशील आला की मी त्याला पहिल्याच भेटीत हे सांगते, म्हणजे त्याचे महिने वाया जात नाहीत.

पुरावा आधी, राग नंतर

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पहिल्या तासात. माणूस संतापून समोरच्याला मेसेज करतो, ‘काढ नाहीतर पोलिसात जाईन’. समोरचा खातं बंद करून पसार होतो आणि तुमच्या हातात काहीच राहत नाही. म्हणून आधी गोळा करा, मग बोला.

खात्याचं नाव टिपलं म्हणजे काम झालं असं समजू नका. नाव दोन मिनिटांत बदलता येतं. लागते ती लिंक : प्रोफाइलची वेगळी आणि प्रत्येक पोस्टची वेगळी. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर किंवा शेअरच्या खुणेवर दाबलं की ‘कॉपी लिंक’ मिळतं. ती स्वतःला मेल करून ठेवा, म्हणजे तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. जमलं तर संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडून स्क्रीनशॉट घ्या, ज्यात वरची पत्त्याची पट्टी आणि कोपऱ्यातलं घड्याळ दोन्ही दिसतील. स्क्रीनशॉट कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवून त्याचा दर्जा घालवू नका. त्याशिवाय एक सलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा : प्रोफाइल उघडा, खाली सरकत त्या पोस्टवर या, प्रतिक्रिया दाखवा. पुढं खटला उभा राहिला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा ज्या फोनवर हे घेतलं तो फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्रास असेल तर क्रम सांभाळा. तिथले मेसेज कंपनीला एरवी वाचता येत नाहीत. तुम्ही रिपोर्ट केलंत की त्या व्यक्तीकडून आलेले शेवटचे ५ मेसेज कंपनीकडे जातात. म्हणून आधी चॅट एक्सपोर्ट करा, मग रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक करा. अनेक जण घृणेनं आधी चॅटच पुसून टाकतात.

नग्न किंवा लैंगिक चित्रातली व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर वरचं काहीही करू नका. स्क्रीनशॉट नाही, सेव्ह नाही, ‘बघ रे हे काय आहे’ म्हणून कुणाला फॉरवर्डही नाही. मुलांची अशी चित्रं गोळा करणं, जवळ ठेवणं किंवा पुढं पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचं कलम ६७बी आणि पॉक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) यांखाली गुन्हा ठरू शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. फक्त लिंक आणि वेळ कागदावर लिहा आणि थेट राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाण्यात जा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

तक्रार कुणाकडे करायची

प्रत्येक कंपनीनं आपल्या ग्रीव्हन्स ऑफिसरचं, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याचं, नाव आणि संपर्क अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर छापलाच पाहिजे. ज्यांचे भारतात ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्यांना भारतात राहणारा निवासी तक्रार अधिकारी, कंपनी कायदा पाळते ना हे पाहणारा मुख्य अनुपालन अधिकारी आणि पोलिसांशी समन्वयासाठी २४ तास उपलब्ध असणारा नोडल अधिकारी नेमावा लागतो. ही पानं सहज सापडत नाहीत. मदत विभागात कुठंतरी सगळ्यात तळाशी असतात. सर्चमध्ये कंपनीचं नाव, ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ आणि ‘इंडिया’ टाकून शोधा, आणि सापडलेलं पान कंपनीच्याच संकेतस्थळाचं आहे ना हे पाहा. ‘कस्टमर केअर’ म्हणून दिसणाऱ्या भलत्या फोन नंबरांना अजिबात हात लावू नका, त्यात लुबाडणारे बसलेले असतात.

फॉर्म असेल तर फॉर्म भरा, आणि ईमेल दिला असेल तर तोच मजकूर ईमेलनंही पाठवा. २४ तासांत पोच यायला हवी. मोठ्या कंपन्यांना तक्रार क्रमांकही द्यावा लागतो. तो क्रमांक पुढच्या प्रत्येक कागदावर टाका.

मजकूर असा :

‘विषय : माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ मार्गदर्शक सूचना) नियम २०२१, नियम ३(२)(बी) खालील तक्रार. मी स्वतः पीडित व्यक्ती आहे. खालील लिंकवरील खातं माझं नाव व छायाचित्र वापरून माझी तोतयेगिरी करत आहे. हे खातं मी उघडलेलं नाही. (इथं प्रत्येक लिंक वेगळ्या ओळीत.) पहिल्यांदा दिसल्याची तारीख व वेळ अमुक. सोबत माझं ओळखपत्र व स्क्रीनशॉट. हा मजकूर विहित मुदतीत हटवावा. नियम ३(१)(जी) प्रमाणे हटवलेला मजकूर व संबंधित नोंदी १८० दिवस जतन कराव्यात. केलेल्या कारवाईची, अथवा कारवाई नाकारल्यास त्याच्या कारणांची, लेखी माहिती द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून सदर मजकुराची माहिती आपणांस आहे असं मी गृहीत धरत आहे.’

हीच इंग्रजी प्रतही सोबत जोडा. ओळखपत्र देताना आधारचे पहिले आठ अंक झाका आणि प्रतीवर ‘फक्त या तक्रारीसाठी’ असं लिहून टाका. भावना, कुटुंबाची अब्रू, आईची तब्येत हे सगळं खरं असतं, पण या पत्रात नको. ते पोलिसांच्या जबाबात येऊ द्या.

नग्नता किंवा तोतयेगिरी असेल तर एवढं पुरतं. खरा कस लागतो तो वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या मजकुरात. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते. एक माणूस रोज तिच्या स्कूटीचा फोटो टाकायचा. कधी कॉलेजच्या पार्किंगमधला, कधी क्लासच्या खालचा, तर एकदा घराच्या फाटकाआतला. फोटोत ती नाही, एकही शिवी नाही, खाली फक्त वेळ : ‘६.४०’, ‘९.१५’. रिपोर्ट केल्यावर प्रत्येक वेळी उत्तर आलं की उल्लंघन नाही. मशीनला आणि परगावच्या तपासनीसाला तिथं दिसते ती फक्त उभी केलेली गाडी. आम्ही तक्त्यासारखी एक नोंद केली : पोस्टची लिंक, फोटोतली जागा, त्या दिवशी त्या वेळी मुलगी तिथंच होती याचा आधार (क्लासची हजेरी, कॉलेजचं वेळापत्रक), आणि आधी त्याच माणसानं पाठवलेले, तिनं नाकारलेले मेसेज. वर एकच वाक्य लिहिलं : हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा पाठलाग आहे, आणि तो या पोस्टमधूनच चालू आहे. मग खातं गेलं. कंपनीला संदर्भ कळत नसेल, तर तो मांडून हातात द्यायचा, म्हणजे नंतर ‘दिसलं नाही’ म्हणायला जागा उरत नाही. हे काम पीडितेनं करावं लागतं याचा मला संताप येतो. एखाद्या मुलीला नको असलेला माणूस रोज तिचा ठावठिकाणा छापतोय, हे ओळखण्याची जबाबदारी त्या मंचाची आहे.

उत्तर आलं नाही, किंवा ‘नाही’ आलं

मुदत उलटली की त्याच तक्रार क्रमांकावर स्मरणपत्र पाठवा आणि प्रत मुख्य अनुपालन अधिकाऱ्याला लावा. त्यात नियम ७ चा उल्लेख करा. नियम पाळले नाहीत तर कलम ७९ चं संरक्षण कंपनीला मिळत नाही, असं तो नियम सांगतो. कंपनीच्या कायदा विभागाला लागू पडणारं वाक्य हेच आहे.

तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. अशा ३ समित्या केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये स्थापन केल्या. सगळं काम ऑनलाइन चालतं, जीएसी डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर. वकिलाची गरज नाही. समितीनं ३० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा आहे आणि तिचा आदेश कंपनीला पाळावा लागतो. या समित्या सरकारनंच नेमलेल्या आहेत, आणि सरकारवरच्या टीकेच्या बाबतीत त्यांच्या स्वातंत्र्याबद्दल घेतले गेलेले आक्षेप मला योग्य वाटतात. तरीही तोतयेगिरी आणि छळाच्या प्रकरणात ही वाट वापराच, उच्च न्यायालयात जाण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे.

पोलिसांकडे कंपनीच्या उत्तराची वाट न बघता जा. नोंदी जतन करण्याची १८० दिवसांची मुदत वरच्या पत्रात आलीच आहे. त्यानंतर कंपनीनं नोंदी ठेवल्याच पाहिजेत असं नाही, आणि त्या मागवण्याचा अधिकार तपास यंत्रणेला असतो, तुम्हाला नाही. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारी तिथं नाव न देताही करता येतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. निवृत्त शिक्षकाच्या नावानं खोटं खातं काढून ‘जरा अडचण आहे, ५,००० पाठव’ असे मेसेज जुन्या विद्यार्थ्यांना जातात, तेव्हा पैसे पाठवलेल्या विद्यार्थ्यानं तो फोन लगेच करायचा आणि शिक्षकानं वरचं पत्र पाठवायचं. दोन्ही कामं एकाच वेळी सुरू झाली पाहिजेत.

ठाण्यात दोन गोष्टी ऐकायला मिळतात. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ आणि ‘एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो’. पहिलीला उत्तर : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. दुसरीला उत्तर : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७बी प्रमाणे ३ वर्षं किंवा अधिक शिक्षेचे गुन्हे दखलपात्र आहेत, आणि ओळखचोरीचं ६६सी, तोतयेगिरी करून फसवणुकीचं ६६डी, खाजगीपणा भंगाचं ६६ई हे सगळे त्यात येतात. तिथं एनसी नाही, एफआयआर. या कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, तेव्हा ‘साहेब नाहीत, उद्या या’ असं झालं तर उद्याची वेळ ठरवून घ्या आणि आजच्या अर्जावर पोच मागा. आवाज न चढवता कलमं कागदावर लिहून पुढं ठेवलेली मला जास्त उपयोगी पडलेली आहेत.

खाजगी फोटो व्हायरल करण्याची धमकी असेल, पण अजून टाकलेले नसतील, तर स्टॉप एनसीआयआय ही सेवा वापरा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू झाली. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी मंचांकडे जातो, म्हणजे जुळणारं चित्र कुणी टाकलं तर ते ओळखता येतं. १८ वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे. यातही मर्यादा आहे. जो मंच सहभागी नाही, तिथं ठसा चालत नाही. खंडणी मागणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका. पैसे दिले की मागणी वाढते, हे मी प्रत्येक प्रकरणात बघितलं आहे.

फोटो पुन्हा दुसऱ्या खात्यावरून आला तर नवी तक्रार करा, पण ‘पूर्वीचा तक्रार क्रमांक अमुक, तोच मजकूर, तेव्हा आपण हटवला होता’ हे पहिल्याच ओळीत लिहा. एकदा बेकायदा म्हणून हटवलेलं चित्र जसंच्या तसं परत येऊ देणं ही अनवधानाची चूक म्हणता येत नाही.

जे एका तक्रारीनं सुटत नाही

आपला कायदा एकेका मजकुराच्या मागं धावतो. पण मजकूर लाखोंपर्यंत कुणी पोचवला हा प्रश्न त्यात मागं पडतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांतून भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ माणसांना जमावानं ठेचून मारलं. त्या अफवेविरुद्ध कुणी, कुठं आणि कोणत्या लिंकवर तक्रार करायची होती? त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी ५ चॅटपर्यंतच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. रचनेतला तो एक छोटा बदल होता आणि तो आधीही शक्य होता. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानं मोठ्या मंचांना आपल्या रचनेतून होणारे धोके स्वतः तपासायला आणि कमी करायला भाग पाडलं आहे, नाहीतर दंड जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडेही तसं बंधन यावं, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी तुमच्या तक्रारीत एक परिच्छेद वाढवा : हा मजकूर तुमच्यापर्यंत कसा आला. तुम्ही शोधला, की अ‍ॅपनं ‘तुमच्यासाठी’ म्हणून पुढं केला? नोटिफिकेशन आलं होतं का? खोटं खातं तुमच्याच नातेवाइकांना ‘ओळखीचे लोक’ म्हणून सुचवलं गेलं का? त्याचेही स्क्रीनशॉट घ्या. आणि मंत्रालय नियमांचा मसुदा सूचनांसाठी खुला करतं, जसा कृत्रिम (एआयसारख्या साधनांनी बनवलेल्या) मजकुरावरच्या नियमांचा ऑक्टोबर २०२५ मध्ये केला होता, तेव्हा तुमचं प्रकरण एका पानात लिहून पाठवा : नावं गाळून, पण तक्रार कधी केली, पोच कधी आली, मजकूर कधी हटला आणि दरम्यान तो किती जणांनी पाहिला या नोंदींसकट. त्या सूचनांच्या ढिगात कंपन्यांची निवेदनं असणारच आहेत. तुमचं पानही त्यात असू द्या.